समर एल आणि तीस लिटरचं विजेचं भांडं: एका अख्ख्या उन्हाळ्यानंतर

आधी निकाल सांगून टाकतो. तीस लिटरचं हे विजेवर चालणारं ब्रूइंगचं (घरी बिअर बनवायचं) भांडं हलकी एल (उबदार तापमानाला आंबवलेली बिअर) करणाऱ्याला पुरून उरतं, पण बिअर चांगली होणं त्याच्यापेक्षा नळाच्या पाण्यावर आणि घरातल्या उकाड्यावर जास्त अवलंबून आहे.

इंग्लंडमधल्या रेडिंगला राहतो. वसंतात भांडं घेतलं आणि हिवाळा लागेपर्यंत त्यात जवळजवळ एकच बिअर केली, चार टक्के अल्कोहोलच्या आसपासची इंग्लिश गोल्डन एल. १९८०च्या दशकाच्या अखेरीस सॉल्झबरीच्या हॉप बॅक ब्रुअरीने ‘समर लाइटनिंग’ काढली, त्या घराण्यातली. रंगाने लागरसारखी (थंडाव्यात आंबवलेल्या बिअरसारखी) फिकट, चवीने पक्की एल. समर लाइटनिंग पाच टक्क्यांची. मला दुपारी बागेत दोन पाइंट घेऊन संध्याकाळी पोळ्याही लाटायच्या असतात, म्हणून माझी हलकी.

२३ लिटरला चार किलो मॅरिस ऑटर जातीच्या बार्लीचा माल्ट (मोड आणून वाळवलेलं धान्य) घेतो, फेस टिकावा म्हणून दोनशे ग्रॅम गव्हाचा माल्ट. ६५-६६ अंशांवर तासभर मॅश, म्हणजे भरडलेला माल्ट गरम पाण्यात ठेवायचा. कढ आला की ३० ग्रॅम चॅलेंजर हॉप्स (कडवटपणा आणि वास देणारी फुलं), शेवटच्या दहा मिनिटांसाठी तेवढेच ईस्ट केंट गोल्डिंग्ज आणि वीज बंद केल्यावर आणखी ४० ग्रॅम. आंबताना साखर संपत जाते, तशी घनता १.०४०पासून १.००९पर्यंत उतरते.

एवढ्या धान्याला भांडं अगदी योग्य आहे. पंप वॉर्ट (माल्टचं गोड पाणी) सतत वर फिरवत राहतो आणि तापमान अंशभरही ढळत नाही. मात्र पंप बंद असताना आकड्यावर विसंबू नका. सेन्सर तळाला आहे, मधलं धान्य दोन-तीन अंश थंड असतं. मॅशपासून उकळी यायला अर्धा-पाऊण तास, तासाभराच्या कढात साधारण तीन लिटर वाफ. खिडक्या उघड्या ठेवा, नाहीतर स्वयंपाकघराच्या भिंती निथळतात.

आता तक्रार. माल्ट बारीक दळलेला असेल तर पीठ जाळीतून खाली जातं, तळाला धरतं आणि भांडं आपोआप बंद पडतं. इथवर ठीक, ती सुरक्षेची सोय आहे. पण ते पुन्हा चालू करायचं बटण बुडाखाली! पंचवीस लिटर उकळतं वॉर्ट भरलेलं भांडं उचलून खाली हात घालायचा, हे ज्याला सुचलं त्याने त्यात एकदाही बिअर केली नसावी. हल्ली भांडं दोन विटांवर ठेवतो आणि माल्ट जाडसर भरडलेलाच मागवतो.

पाण्याचं मात्र कुठलंही यंत्र काही करत नाही. आमच्याकडे खडूच्या थरांतून आलेलं जड पाणी. काळपट माल्ट मुळातच आंबटसर असतो, त्यामुळे पोर्टरला ते चालून जातं. फिकट माल्टला पीएच ५.२ ते ५.५च्या दरम्यान आणायला मदत लागते. लॅक्टिक अॅसिड मोजून घालतो, कडवटपणाला धार यावी म्हणून थोडं जिप्सम आणि पाण्यातलं क्लोरीन घालवायला अर्धी कॅम्पडेन गोळी. ती न घातलेल्या बिअरला दवाखान्यासारखा वास येऊ शकतो, आणि या एलमध्ये काहीच झाकलं जात नाही. बिनफोडणीच्या वरणासारखं आहे, डाळ जुनी असली की पहिल्या घासाला कळतं.

दुसरा प्रश्न उन्हाळ्याचाच. वॉर्ट थंड करायला सोबत आलेली तांब्याची गुंडाळी छान आहे, पण जुलैत नळाचं पाणीच कोमट, वॉर्ट पंचविशीच्या खाली जायला तयार नसतं. त्यात इथल्या घरांना एसी नाही. खोली अठ्ठावीसवर गेली की यीस्ट (साखरेची दारू करणारं किण्व) नको तितका फळांचा वास सोडतं, मागे उग्र दारूची झाक राहते. नॉटिंगहॅम यीस्ट १८-१९ अंशांवर ठेवलं की चव स्वच्छ येते. जुना फ्रिज आणि त्याला तापमान-नियंत्रक, या जोडीने माझ्या बिअरमध्ये जेवढा फरक पडला तेवढा भांड्याने पडला नाही. फ्रिज नसेल तर एप्रिल-मेमध्येच करून ठेवा. एस-०४ यीस्टही वापरून पाहिलं. तळाला घट्ट बसतं, बाटली ओतताना साका हलत नाही, पण चव जरा गोडसर वाटली.

बाटल्या भरताना गॅस यावा म्हणून सगळ्या मिळून नव्वद ग्रॅम साखर पुरे. लागरसारखा गॅस या बिअरला शोभत नाही. आणि बर्फगार देऊ नका, दहा-बारा अंशांवर गोल्डिंग्जचा वास खुलतो. पुण्याहून आलेल्या पाहुण्यांना हे पटवणं हाच सगळ्यात अवघड टप्पा. त्यांतला एक जण असं भांडं पुण्याला नेतो म्हणत होता. ब्रिटनमध्ये १९६३पासून घरच्यापुरती बिअर करायला परवाना लागत नाही, महाराष्ट्रात १९४९चा दारूबंदी कायदा आहे, तिथे परवान्याशिवाय हा उद्योग नको.

एका खेपेचं साहित्य साधारण वीस पौंडांत येतं, चाळीसेक पाइंट होतात. सात-आठ टक्क्यांच्या जड बिअर करायच्या असतील तर मोठं भांडं घ्या, यात सात किलो धान्य कोंबलं की पंप रडतो. चोथा खाद्यकचऱ्याच्या डब्यात टाकता येतो. भांड्याच्या नळाची रबरी चकती दर दोन-तीन महिन्यांनी बदलावी लागते, एक जादा मागवून ठेवा.