अर्धशिशीसाठी ईईजी, व्हीईपी की एमईजी? बेळगाव भागातील रुग्णांसाठी तुलना

बेळगाव, खानापूर, निपाणी या भागात अर्धशिशी जुनी झाली की ‘एकदा मेंदूचा आलेख काढून घ्या’ असा सल्ला कोणीतरी देतोच, आणि मग बेळगावातच तपासावे, कोल्हापूर-मिरज गाठावे की थेट बेंगळुरूला जावे, यावर घरात खल सुरू होतो. मात्र गाव ठरवण्याआधी, कोणती तपासणी कोणत्या प्रश्नाचे उत्तर देते हे पाहणे आवश्यक आहे.

ईईजीत डोक्यावर सुमारे २० इलेक्ट्रोड चिकटवून मेंदूतील विद्युतलहरी नोंदवतात. केस धुऊन, तेल न लावता जायचे असते. अर्धा तास पडून राहावे लागते आणि मध्ये काही मिनिटे खोल, जलद श्वास घ्यायला सांगून डोळ्यांसमोर दिवा लुकलुकवतात. अर्धशिशीच्या अनेक रुग्णांत वेगाने लुकलुकणाऱ्या प्रकाशाच्या तालावर लहरी अधिक ठळक उमटतात, हे निरीक्षण १९५९ मधले आहे. परंतु असा प्रतिसाद डोकेदुखी नसलेल्यांतही दिसत असल्याने त्यावरून निदान करता येत नाही. दुखण्याआधी डोळ्यांपुढे नागमोडी चमक आणणारी, १९४४ मध्ये संशोधक लिआओ यांनी सशांच्या मेंदूत प्रथम वर्णिलेली, मेंदूच्या पृष्ठभागावर पसरत पेशींचे काम तात्पुरते मंदावणारी लाट मिनिटाला जेमतेम ३ मिलिमीटर सरकते, आणि डोक्यावरून काढलेल्या नेहमीच्या आलेखात ती भरवशाने पकडता येत नाही.

तरीही या तिन्ही तपासण्यांपैकी खऱ्या उपयोगाची ईईजीच आहे, कारण प्रश्न फिट्सचा असेल तर ती मदत करते. अर्धशिशीतील दृष्टिभ्रम हळूहळू पसरत साधारण ५ ते ६० मिनिटे टिकतो. तोच काही सेकंदांचा, रंगीत गोलांचा आणि वारंवार येणारा असेल, किंवा शुद्ध हरपत असेल, झटके येत असतील, तर मेंदूविकारतज्ज्ञांच्या सल्ल्याने ईईजी अवश्य करावी. त्यातही एक आलेख निर्दोष आला म्हणून फिट्स नाहीतच, असे मानू नये.

व्हीईपी म्हणजे डोळ्यांना दिसलेल्या दृश्याला मेंदू देत असलेल्या विद्युत प्रतिसादाची नोंद; तीत एक डोळा झाकून पडद्यावरचे उलटसुलट होणारे काळे-पांढरे चौकोन पाहायचे असतात. तेच दृश्य पुन:पुन्हा दाखवल्यावर मेंदूचा प्रतिसाद सहसा मंदावतो. अर्धशिशीत डोकेदुखीच्या दोन वेळांच्या मधल्या काळात तो मंदावत नाही, असे अनेक अभ्यासांत आढळले, पण समोरची व्यक्ती रुग्ण आहे की नाही हे विश्लेषकापासून लपवून केलेल्या काही अभ्यासांत हा फरक टिकला नाही. रुग्णालयात ही तपासणी मुख्यतः डोळ्याच्या मज्जातंतूसाठी असते, तेव्हा केवळ अर्धशिशीसाठी तिच्यावर पैसे घालू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

एमईजी मेंदूतील प्रवाहांचे अतिसूक्ष्म चुंबकीय क्षेत्र मोजते. त्यासाठी खास कवचबद्ध खोली लागते, म्हणून ही सोय देशात मोजक्या ठिकाणी आहे. बेंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य व मेंदूविकारांच्या राष्ट्रीय संस्थेत ती आहे. अपस्माराच्या शस्त्रक्रियेपूर्वी तिचे मोल मोठे, पण अर्धशिशीत ती अजून संशोधनापुरतीच असल्याने तिच्यासाठी बेळगावहून सुमारे ५०० किलोमीटर जाण्याचे कारण नाही.

अर्धशिशीचे निदान मुख्यतः रुग्णाच्या माहितीवरून होते. म्हणून दुखण्याची तारीख, अवधी, मळमळ, प्रकाशाचा त्रास, घेतलेल्या गोळ्या आणि स्त्रियांनी पाळीचे दिवस एका वहीत टिपून ती वही डॉक्टरांना दाखवावी. अचानक क्षणार्धात शिगेला पोहोचलेली डोकेदुखी, अंगाची एक बाजू लुळी पडणे किंवा तापासह मान आखडणे, यांत मात्र यांपैकी कोणत्याही तपासणीची वाट न पाहता, सीटी स्कॅनची सोय असलेल्या जवळच्या मोठ्या रुग्णालयात तातडीने जावे.