ऑफ-बॉल की एज: कॉलेजच्या लाइनबॅकरपुढचे दोन रस्ते

उंची ६ फूट २ इंच, वजन २४० पाउंडांच्या आसपास, आणि कॉलेजचा कोच कधी मधे उभा करतोय तर कधी कडेला. असा लाइनबॅकर (अमेरिकन फुटबॉलमध्ये बचावाच्या पुढच्या रांगेजवळचा खेळाडू) तिसरा सीझन संपवून एनएफएल या व्यावसायिक लीगच्या ड्राफ्टचा, म्हणजे संघांनी नवे खेळाडू निवडण्याचा, विचार करू लागला, की टॅकल किती केले यापेक्षा कोण म्हणून जायचं हा प्रश्न मोठा होतो: ऑफ-बॉल, म्हणजे रांगेमागे मधे उभा राहणारा, की एज, म्हणजे कडेवरून चेंडू फेकणाऱ्यावर धावणारा. २२५ च्या आतल्यांचं आणि २५५ च्या पुढच्यांचं उत्तर वजनकाट्यानेच दिलेलं असतं. ही तुलना या दोन वजनांच्या मधल्यांसाठी.

आधी ऑफ-बॉल. कॉलेजची टेप (सामन्यांचं चित्रण) या जागेवर थोडा अन्यायच करते. आरपीओ खेळींत (धाव की पास हे ऐनवेळी ठरतं त्या) कॉलेजचे लाइनमन, म्हणजे आक्रमणाच्या पुढच्या रांगेतले, ३ यार्डांपर्यंत पुढे सरकू शकतात. एनएफएलमध्ये ही सूट १ यार्डाची. त्यामुळे कॉलेजात गार्ड (त्या रांगेतलाच एक) अंगावर येताना दिसतो, लाइनबॅकर धाव अडवायला पुढे होतो आणि स्लॅन्ट (तिरका छोटा पास) नेमका त्याच्या पाठीमागे पडतो. त्याने वाचलेलं बरोबर असतं, तरी टेपवर तो फसलेला दिसतो. त्यात कॉलेजच्या हॅश मार्कांमधलं (खेळीआधी चेंडू ज्यांच्या आत ठेवतात त्या खुणांच्या दोन ओळींमधलं) अंतर ४० फूट, एनएफएलमध्ये साडेअठरा. म्हणजे कॉलेजमध्ये एका बाजूला भलंमोठं मोकळं मैदान सांभाळायचं. जाणते स्काउट म्हणूनच चूक झाली की नाही यापेक्षा पुढे आलेला खेळाडू कंबर वळवून किती झटक्यात मागे फिरतो, ते पाहतात.

दुसरी गोष्ट जागांची. हल्ली बचाव बहुतेक वेळ निकेलमध्ये (पास अडवणारे पाच मागचे खेळाडू असलेल्या मांडणीत) असतो, म्हणजे मैदानात ऑफ-बॉल लाइनबॅकर दोनच, आणि ते दोघे सहसा बाहेर येत नाहीत. तिसऱ्याच्या वाट्याला किकऑफ आणि पंट, म्हणजे लाथेने चेंडू मारायच्या खेळी. कोचच्या सूचना ऐकवणारा हेल्मेटमधला रेडिओ ज्याच्याकडे असतो, त्याचा आवाज प्ले क्लॉकवर (खेळी सुरू करायच्या घड्याळावर) १५ सेकंद उरली की बंद होतो. त्यानंतर समोरच्यांनी मोशन केली (खेळीआधी जागा बदलली) तर कव्हरेज (पास अडवण्याची आखणी) बदलण्याची जबाबदारी त्याची एकट्याची. कॉलेजच्या वरच्या गटात हा रेडिओ २०२४ पासून आला आहे, तेव्हा ते काम आधीच केलं असेल तर मुलाखतीत आवर्जून सांगावं.

या रस्त्याच्या बाजूने मोठी गोष्ट म्हणजे इथे उशिरा निवड झाली तरी करिअर उभं राहतं. २०१२ मध्ये बॉबी वॅग्नर ४७ वा गेला, लव्हॉन्टे डेव्हिड ५८ वा. फ्रेड वॉर्नर २०१८ मध्ये ७० वा गेला, आणि मे २०२५ मध्ये त्याने ३ वर्षांचा ६.३ कोटी डॉलरचा वाढीव करार केला.

एजचं गणित वेगळं. इथे हात लांब लागतात. ३३ इंच असतील तर उत्तम. २४० पाउंडांचा खेळाडू पास रशमध्ये (चेंडू फेकणाऱ्यावर धावण्यात) निभावून नेतो, पण ऑफेन्सिव्ह टॅकल आणि टाइट एंड, म्हणजे समोरच्या रांगेच्या टोकाचे दोघे, मिळून अंगावर आले की धावेच्या खेळीत मागे ढकलला जातो. यावर उपाय म्हणून पोरं जानेवारी ते मार्चमध्ये १५ पाउंड चढवतात, आणि पहिलं पाऊल जड होतं. तेच पाऊल तर विकायचं असतं. वजन वाढवायचंच तर पूर्ण ऑफ-सीझन हाताशी ठेवून, हळूहळू. पण या जागेवर फिरती असते: संघ चार-पाच एज ठेवतात आणि चौथ्यालाही बचावात स्नॅप (खेळी) मिळतात.

जॉर्जियाचा जेलन वॉकर ६ फूट १ इंच, २४३ पाउंड. बटकस पुरस्कार (कॉलेजच्या सर्वोत्तम लाइनबॅकरचा) घेऊन २०२५ मध्ये १५ वा गेला आणि अटलांटाने त्याला एजला वापरलं. अलाबामाचा जिहाद कॅम्पबेल एज म्हणून कॉलेजात आला, मधे सरकला आणि ३१ वा गेला. अर्थात त्याच्या खांद्याची शस्त्रक्रियाही त्यात होती, तेव्हा सगळं जागेवर ढकलू नये.

रस्ता नंतर बदलता येतो, हेही खरं. हासन रेडिक २०१७ मध्ये १३ वा गेला, ॲरिझोनात बराच काळ मधे अडकला. २०२० मध्ये कडेला गेल्यावर साडेबारा सॅक (चेंडू फेकण्याआधीच फेकणाऱ्याला पाडणं), २०२२ मध्ये फिलाडेल्फियात १६. झॅक बॉन याच्या उलट: विस्कॉन्सिनचा एज, तिसऱ्या फेरीत गेला, आणि २०२४ मध्ये कोच विक फँजिओच्या बचावात मधे आल्यावर ऑल-प्रो (लीगच्या सर्वोत्तम खेळाडूंच्या यादीत). त्याला नंतर ३ वर्षांचे ५.१ कोटी डॉलर मिळाले. पण दोघांचीही आधीची काही वर्षं वाया गेली, आणि एनएफएलमध्ये तेवढी वर्षं सगळ्यांना मिळत नाहीत.

आता ज्या एका गोष्टीने माझा कल ठरवला ती. पहिल्या फेरीतल्या खेळाडूचा करार ४ वर्षांचा, आणि पाचवं वर्ष घ्यायचं की नाही हे संघ तिसऱ्या सीझननंतर, मेच्या सुरुवातीपर्यंत ठरवतो. लीग आणि खेळाडू संघटनेच्या २०२० च्या सामूहिक करारापासून होकार दिला की ती रक्कम पूर्ण हमीची. ती ठरते कशी? दोन प्रो बोल (सर्वोत्तम खेळाडूंमध्ये निवड) असतील तर फ्रँचायझी टॅगइतकी, एक असेल तर ट्रान्झिशन टॅगइतकी; टॅग म्हणजे करार संपलेल्या खेळाडूला एक वर्ष राखून ठेवण्याची, त्या जागेच्या वरच्या पगारांवरून ठरणारी रक्कम. पुरेसे स्नॅप असतील तर त्या जागेच्या तिसऱ्या ते विसाव्या पगाराची सरासरी, नाहीतर तिसऱ्या ते पंचविसाव्या. आणि 'लाइनबॅकर' या एकाच यादीत टी. जे. वॉटसारखे कडेने धावणारेही धरले जातात. म्हणजे मधल्या खेळाडूची किंमत लावायची ती एजच्या पगारावरून! २०२४ मध्ये लाइनबॅकरचा टॅग २.४ कोटी डॉलरचा होता, तेव्हा ऑफ-बॉलमध्ये सर्वांत महागडा रोकन स्मिथ सरासरी २ कोटींवर होता.

परिणाम २०२० च्या पहिल्या फेरीत दिसतो. आयझेया सिमन्स, केनेथ मरी, जॉर्डिन ब्रुक्स, पॅट्रिक क्वीन: चौघांचंही पाचवं वर्ष संघांनी नाकारलं. क्वीन पुढच्याच सीझनला प्रो बोलला गेला, म्हणजे खेळात खोट नव्हती. हीच यादी एजच्या मात्र पथ्यावर पडते. मायका पार्सन्स पेन स्टेटमध्ये ऑफ-बॉल होता, डॅलसने कडेला नेला. पुढे त्याला डिफेन्सिव्ह एंड म्हणायचं की लाइनबॅकर यावर त्याच्या पाचव्या वर्षाचा आकडा २.१३ कोटी की २.४ कोटी हे अवलंबून होतं. ऑगस्ट २०२५ मध्ये ग्रीन बेने त्याच्याशी वर्षाला ४.७ कोटींचा करार केला.

म्हणून, हात ३२ इंचांच्या पुढे असतील आणि पहिलं पाऊल खरंच जलद असेल, तर माझ्या मते एज म्हणूनच जावं. हात आखूड असतील, किंवा दुसऱ्या-तिसऱ्या फेरीचाच अंदाज असेल, तर ऑफ-बॉल वाईट नाही. त्या फेऱ्यांत पाचव्या वर्षाचा घोळच नसतो आणि तीन सीझननंतर थेट नव्या कराराची बोलणी करता येतात.

ड्राफ्टसाठी अर्ज करण्याआधी एनएफएलच्या सल्लागार समितीकडून अंदाज मागवा. उत्तरं तीनच: पहिली फेरी, दुसरी फेरी, किंवा कॉलेजातच राहा. तिसरं आलं तर परतणं आता पूर्वीसारखं तोट्याचं नाही; २०२५-२६ पासून विद्यापीठं खेळाडूंना थेट पैसे देतात, एका मर्यादेत; त्या पहिल्या वर्षी ती विद्यापीठामागे २.०५ कोटी डॉलर होती. मात्र परतताना कोचकडून एक गोष्ट कबूल करून घ्यावी: तिसऱ्या डाउनला (जेव्हा बहुधा पासच येतो) तरी कडेला, ऑफेन्सिव्ह टॅकलसमोर, हात जमिनीला टेकवून स्नॅप मिळायला हवेत. ते आढेवेढे घेत असतील, तर ट्रान्स्फर पोर्टलची (विद्यापीठ बदलण्याच्या नोंदणीची) मुदत संपायच्या आत दुसरं विद्यापीठ बघा.