जांभळाच्या सायडरला पैकीच्या पैकी, लवंगेच्या सायडरला नाही

बावीस वर्षं इंदूरच्या सियागंजात मसाल्याच्या पेढीवर आहे. घरी परतलो की सदऱ्याला लवंग-दालचिनीचा वास येतो. त्यामुळे भाचा म्हणाला, "मामा, विजयनगरात मसाल्याचं सायडर मिळतंय," तेव्हा रविवारी सौ.ला आणि त्याला घेऊन पोचलोच. दुसऱ्या मजल्यावरची लहानशी जागा. लाकडी फळीवर चार छोटे पेले ठेवून देतात, सहाशे रुपये.

सायडर म्हणजे सफरचंदाचा रस आंबवून केलेलं पेय. पहिला पेला साधा होता, हिमाचलच्या सफरचंदांचा. आपली ही सफरचंदं मुळात खायची. गोड, रसाळ, पण तुरटपणा नावालाच. रसातली साखर यीस्टने संपवली की मागे नुसता आंबटपणा उरतो आणि पेय पाणचट लागतं. तसंच लागलं. इंग्लंडात हेरफर्डशरकडे सायडरसाठी डॅबिनेट, किंग्स्टन ब्लॅक अशी वेगळीच सफरचंदं लावतात. ती नुसती खाल्ली तर तोंड आवळून येतं, पण त्याच तुरटपणाने पेयाला अंग येतं.

ते अंग इथे जांभळाने दिलंय. दुसरा पेला आला तो जांभळं खाल्लेल्या जिभेच्या रंगाचा, काठाला फिकट गुलाबी फेस. सौ.ने एक घोट घेतला आणि म्हणाली, "अहो, बी चोखल्यासारखं लागतंय." अगदी बरोबर. आधी सफरचंदाचा आंबटपणा येतो, मग हिरड्यांवर जांभळाचा तुरटपणा चढतो आणि तोंड कोरडं करून जातो. लगेच दुसरा घोट घ्यावासा वाटतो. वर सरबत ओतल्याची गोडी कुठेही नाही, आणि पेला नाकाशी नेला तर सफरचंद अजून तिथेच आहे. फळ घालायचं ते असं, सफरचंदात जे कमी आहे ते भरून काढणारं. सोबत गरम गराडू मागवला होता, म्हणजे तळलेला कंद, वर जीरावण हा चटपटीत मसाला. तळणाचा तेलकटपणा त्या तुरट घोटाने असा धुऊन निघाला की आम्ही दुसरी प्लेट मागवली.

तिसरा पेला माझ्या विषयाचा, दालचिनी-लवंग. इथे मन खट्टू झालं. पेला आला तो इतका गार की पाच मिनिटं वासच येईना. हातात धरून कोमट केला तेव्हा लवंग एकदम अंगावर आली. दाताच्या डॉक्टरकडे जो वास येतो तो लवंगेतल्या युजेनॉलचाच, आणि तोच इथे भरून राहिला होता. जीभ बधिर झाली, सफरचंद गायब. लवंगेचं तेल पाण्यापेक्षा अल्कोहोलमध्ये जास्त उतरतं. चार दिवसांत काढायच्या लवंगा कुणीतरी महिनाभर आत ठेवल्या असाव्यात. दालचिनीही मला जाड सालीची, कॅशिया वाटली. ती तिखट, जिभेला चावणारी. सिलोनची साल विडीसारखी पापुद्र्यांची असते, हातात चुरली तर भुगा होतो, आणि तिची गोडसर झाक सफरचंदाला शोभते. भाव तिप्पट आहे हे मला कुणी सांगायला नको, पण एवढ्या पेयाला लागते किती? चिमूटभर.

चौथा आलं आणि गवती चहाचा. बरा आहे, खोकल्याच्या काढ्याची आठवण देतो.

यादीत मिरचीचं पेरू-सायडरही होतं, ते संपलंय हे मात्र आम्ही मागितल्यावर कळलं. वाढणारा मुलगा नम्र आहे, विचारलेलं आत जाऊन विचारून येतो. त्याला दालचिनीबद्दल सांगितलं, त्याने लिहून घेतलं.

जाणार असाल तर फळी घेऊ नका. सरळ जांभळाचा मोठा पेला मागा, बर्फाच्या बादलीतून काढून दहा मिनिटं टेबलावर राहू द्या, आणि गराडूचा मोसम असेल तर गराडू मागवाच. परतायला रिक्षा करा, गाडी नेऊ नका.