संगणक दुरुस्तीची घरपोच सेवा, डहाणूकर कॉलनी, कोथरूड

माझे वडील आमच्या सोसायटीचे खजिनदार आहेत. देखभाल खर्चाचा सगळा हिशेब दिवाणखान्यातील डेस्कटॉपवर असतो आणि मला तो आतल्या खोलीतील लॅपटॉपवरून पाहावा लागतो. लॅपटॉपवर डेस्कटॉप दिसेनासा झाला, तेव्हा आधी बोलावलेल्या एका तंत्रज्ञाने डेस्कटॉपची फायरवॉल, म्हणजे बाहेरून येणारी नको ती जोडणी अडवणारी सुरक्षा, बंद केली, पासवर्ड न विचारता फोल्डर उघडेल अशी सोय केली आणि पैसे घेऊन तो गेला. डेस्कटॉप तरीही दिसला नाही. मग डहाणूकर कॉलनीतील एका लहान दुकानाला फोन केला. हा अभिप्राय त्या दुकानाच्या सेवेविषयी आहे.

त्यांच्या तंत्रज्ञाने प्रथम दोन्ही संगणकांचे आयपी पत्ते, म्हणजे नेटवर्कवरील त्यांचे क्रमांक, पाहिले. डेस्कटॉपचा 192.168.1 ने सुरू होत होता, तर लॅपटॉपचा 192.168.0 ने. आतल्या खोलीत वायफाय पोहोचत नाही म्हणून आम्ही दुसरा राउटर लावला होता आणि त्याने स्वतःचे निराळे नेटवर्क तयार केले होते. एका इमारतीच्या इंटरकॉमवरून दुसऱ्या इमारतीत फोन लागत नाही, तसेच हे आहे, असे त्यांनी वडिलांना समजावले. त्यांनी त्या राउटरचा पत्ता बदलला, डीएचसीपी (संगणकांना आपोआप पत्ते वाटण्याची सोय) बंद केले आणि केबल वॅन पोर्टमधून (बाहेरच्या नेटवर्कची जोडणी) काढून लॅन पोर्टमध्ये (घरातल्या नेटवर्कची जोडणी) लावली, त्यामुळे दोन्ही संगणक एकाच नेटवर्कवर आले.

डेस्कटॉप दिसू लागला, पण फोल्डर उघडेना. विंडोज 11 प्रोच्या 24एच2 आवृत्तीपासून पासवर्डविना, म्हणजे पाहुणा म्हणून, दुसऱ्या संगणकात शिरण्याची मुभा मुळातच बंद असते. त्यामुळे आधीच्या तंत्रज्ञाने केलेली सोय निरुपयोगी होती आणि शिवाय धोक्याची. ती त्यांनी काढून टाकली, फायरवॉल पुन्हा सुरू केली आणि डेस्कटॉपवरील नेटवर्क 'पब्लिक' (अनोळखी) वरून 'प्रायव्हेट' (घरचे, विश्वासाचे) केले. वडील रोज पिन टाकून संगणक उघडतात, परंतु तो पिन नेटवर्कवरून चालत नाही, तिथे खात्याचा पासवर्डच लागतो, आणि तो कोणालाच आठवत नव्हता. तेव्हा त्यांनी डेस्कटॉपवर माझ्यासाठी वेगळे खाते उघडले आणि हिशेबाच्या एकाच फोल्डरची परवानगी त्याला दिली. ही परवानगी 'शेअरिंग' आणि 'सिक्युरिटी' अशा दोन्ही ठिकाणी द्यावी लागते, हे मला प्रथमच कळले.

सर्वांत आवडली ती पुढची गोष्ट. आमचा जुना स्कॅनर थेट संगणकातील फोल्डरमध्ये कागद पाठवतो, पण त्यासाठी एसएमबी 1, ही नेटवर्कवरून फायली देण्याघेण्याची जुनी पद्धत, लागते. ते सुरू करून द्यावे, असा आग्रह मी धरला. त्यांनी स्पष्ट नकार दिला. मे 2017 मधील वॉनाक्राय हा खंडणीखोर व्हायरस याच जुन्या पद्धतीतील त्रुटीचा फायदा घेऊन पसरला होता, आणि हिशेबाच्या संगणकावर ती पुन्हा उघडणे योग्य नाही, असे ते म्हणाले. स्कॅन पेनड्राइव्हवर घ्यावे लागते, आणि ते मला मान्य आहे.

दोन तास लागले, 700 रुपये झाले. ठरलेल्या दिवसापेक्षा ते एक दिवस उशिरा आले आणि पावती मागून घ्यावी लागली, एवढी तक्रार जरूर आहे. मात्र जाण्यापूर्वी वडिलांच्या वहीच्या शेवटच्या पानावर त्यांनी दोन्ही राउटरचे पत्ते आणि केलेला प्रत्येक बदल स्वच्छ मराठीत लिहून दिला, आणि नव्या खात्याचा पासवर्ड मात्र मलाच टाकायला लावला.