घड्याळ एडिसनहून मागवायचं की पुण्यात घ्यायचं?

अमेरिकेत न्यू जर्सीतल्या एडिसनला राहणारी मामेबहीण डिसेंबरात येणार म्हटलं की घरच्या ग्रुपवर यादी सुरू होते आणि यादीत अ‍ॅपल वॉच असतंच. हिशेब सोपा आहे. सिरीज १० हे मॉडेल २०२४ मध्ये तिकडे ३९९ डॉलरला आलं, इथे ४६,९०० रुपयांना. डॉलर तेव्हाच्या भावाने ८५ चा धरला आणि न्यू जर्सीचा ६.६२५ टक्के सेल्स टॅक्स घातला, तरी ३६ हजारांच्या आसपास बसायचं. दहा हजार वाचायचे.

पण खोक्यावरचा पार्ट नंबर बघा. शेवटी एलडब्ल्यू/ए (LW/A) असेल, तर ते अमेरिकेत १८ जानेवारी २०२४ नंतर विकलेलं घड्याळ आहे आणि त्यात रक्तातला ऑक्सिजन मोजण्याची सोय बंद करून दिलेली होती. सेन्सर तोच, काच तीच, फक्त सॉफ्टवेअरने दार लावलेलं.

हे मॅसिमोमुळे झालं. कॅलिफोर्नियाची ही कंपनी हॉस्पिटलातले पल्स ऑक्सिमीटर बनवते. आमची माणसं फोडली आणि तंत्र उचललं, असा तिचा अ‍ॅपलवर आरोप. अमेरिकेच्या आंतरराष्ट्रीय व्यापार आयोगाने ऑक्टोबर २०२३ मध्ये पेटंटभंग मान्य करून आयातच रोखली. घड्याळं आशियात जुळवली जात असल्याने आयात अडली की विक्री अडली, म्हणून अ‍ॅपलने ती सोयच बंद करून घड्याळं विकली. पेटंट मात्र ज्या त्या देशापुरतं असतं, म्हणून पुण्यातल्या घड्याळाला याची झळ नाही. (अ‍ॅपलनेही उलटा दावा लावला होता. डेलावेअरच्या ज्युरीने २०२४ मध्ये अ‍ॅपलला भरपाई दिली २५० डॉलर. मिलियन नव्हे, नुसते २५०.)

ऑगस्ट २०२५ मध्ये अ‍ॅपलने पळवाट काढली. अमेरिकन घड्याळ आता प्रकाश टाकून नोंद घेतं, पण आकडा आयफोन काढतो आणि तो हेल्थ अ‍ॅपमध्येच दिसतो. त्यासाठी आयफोनवर आयओएस १८.६.१ आणि घड्याळावर वॉचओएस ११.६.१ किंवा त्यापुढचं लागतं. इथल्या घड्याळात मनगट पंधरा सेकंद स्थिर धरलं की आकडा तिथेच समोर येतो. अमेरिकन कस्टम्सने या पळवाटेला हिरवा कंदील दिला म्हणून मॅसिमोने कस्टम्सलाच कोर्टात खेचलं, त्यामुळे ही पळवाट टिकेल याची मला पूर्ण खात्री वाटत नाही.

मग कुठलं घ्यायचं? पावलं, हृदयाचे ठोके, ईसीजी आणि नोटिफिकेशन एवढंच हवं असेल तर एडिसनचं. दहा हजार थोडे नाहीत. सेल्युलर, म्हणजे फोनशिवाय थेट मोबाइल नेटवर्कवर चालणारं, मात्र तिकडून मागवू नका. त्यांचं मॉडेल वेगळं असतं, इथल्या नेटवर्कवर रडगाणं होऊ शकतं. साधं जीपीएसवालं सांगा. ऑक्सिजन मनगटावरच बघायचा असेल, तर इथलंच घ्या आणि बिल जपून ठेवा.

आणि आई-बाबांच्या दम्यासाठी म्हणून ऑक्सिजन बघायचा असेल, तर दोन्ही नकोत. हे मोजमाप वैद्यकीय वापरासाठी नाही, असं अ‍ॅपल स्वतःच सांगतं. कोविडात बोटाला लावायचा चिमटा घेतला होता ना? तो कपाटातून काढा, सेल बदला.