प्लिकर्स कार्डं आणि छापील कार्यपत्रिका : चौथीच्या वजाबाकीवर काही महिने वापरल्यानंतर

प्लिकर्समध्ये प्रत्येक मुलाकडे काळ्या-पांढऱ्या नक्षीचं कागदी कार्ड असतं. मूल आपल्या उत्तराच्या अक्षराची बाजू वर करून कार्ड धरतं आणि शिक्षक फोनच्या कॅमेऱ्याने सगळी कार्डं वाचतो. एका फोनवर अख्खा वर्ग तपासता येतो, ही प्लिकर्सची ख्याती खरी आहे. पण खरा उपयोग पुढचा आहे. कुणाला आज सरावाचा कोणता कागद द्यायचा, हे पाच-सात मिनिटांत ठरतं. ते कागद आधी तयार नसतील तर कार्डं हा नुसता खेळ होतो, आणि आठवडाभरात मुलांना त्याचा कंटाळा येतो.

मांडणी सोपी आहे. संकेतस्थळावर वर्ग तयार करून नावं भरली की प्रत्येकाला कार्ड क्रमांक मिळतो. कार्डांची पीडीएफ मोफत आहे. नेहमीच्या संचात ४० कार्डं, ए-फोर कागदावर दोन, म्हणजे २० कागद. साध्या ७० जीएसएमच्या कागदावर छापलीत तर कार्ड वाकतं आणि कॅमेरा ते सोडून देतो. २५० जीएसएमचा जाड कागद घ्या, नाहीतर मागे पुठ्ठा चिकटवा. चकचकीत लॅमिनेशन अजिबात नको. खिडकीचा किंवा ट्यूबचा उजेड त्यावर चमकला की काळा भाग पांढरा दिसतो. मॅट मिळालं तर करा, नाहीतर तसंच ठेवा. कापताना नक्षीभोवतीची पांढरी कड शिल्लक राहू द्या. कार्ड वरच्या कडेला धरलं की बोट नक्षीवर येतं, म्हणून खालचे दोन कोपरे धरायला शिकवा.

पर्यायांची अक्षरं कार्डावर बारीक इंग्रजीत असतात आणि उत्तर देताना तो भाग शिक्षकाकडे असतो. मुलाला दिसते पाठ, आणि ती कोरी. म्हणून पाठीवर स्केचपेनने मोठे अ, ब, क, ड लिहावेत. इथे गोंधळ होतो. कार्ड उलटल्यावर डावं-उजवं बदलतं, त्यामुळे पुढचा क्रम पाहून मागे तसाच घड्याळाच्या दिशेने लिहिलात तर ब आणि ड ची अदलाबदल होते, आणि बरोबर उत्तर देणारी मुलं चुकीची ठरतात. एकेक बाजू वर धरायची, कार्ड तसंच फिरवायचं आणि मागच्या वरच्या कडेलाच अक्षर लिहायचं. कार्डाकार्डाची नक्षी वेगळी असल्यामुळे शेजाऱ्याचं पाहून तसंच धरणं जमत नाही. पाठीवरची अक्षरं मात्र मागच्या बाकावरून वाचता येतात, तेवढी गळती मान्य करावी लागते.

मोफत खात्यात एका प्रश्नसंचात पाचच प्रश्न बसतात. ते पुरतात, अट एवढीच की चुकीचे पर्याय अंदाजे टाकलेले नसावेत. उदाहरणार्थ ५०३ − २७८. बरोबर उत्तर २२५. उरलेले तीन पर्याय ३७५, ३२५ आणि २३५. ३७५ म्हणणारं मूल प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक वजा करतंय, हातचा त्याच्या डोक्यातच नाही. ३२५ म्हणणाऱ्याने शतक सुटं केलं, पण शतकाच्या घरातले ५ तसेच ठेवले. २३५ वाल्याने दशकाच्या घरात १० आणले, त्यातला एक एककाला दिल्यावर ९ उरतात हे तो विसरला. तिघांचेही गुण शून्यच, पण तिघांना लागणारा सराव वेगळा. मी पर्याय असेच बांधायचा आग्रह धरेन. नाहीतर डिजिटल निकालपत्रात फक्त हिरवं-लाल दिसतं, आणि ते वह्या तपासूनही कळतं.

चार पर्यायांत नुसत्या अंदाजाने उत्तर बरोबर येण्याची शक्यता चारात एक. म्हणून एका प्रश्नावर गट पाडू नये. मधे शून्य असलेली दोन उदाहरणं, साध्या हातच्याची दोन आणि बिनहातच्याचं एक अशी विभागणी चालते. तीच चूक दोनदा आली तरच कागद.

कार्यपत्रिका तीन, प्रत्येकी अर्ध्या ए-फोरची, सहा उदाहरणांची. पहिलीत मांडणीच नाही. दहाच्या गठ्ठ्यांची आणि सुट्या काड्यांची चित्रं, गठ्ठा सोडायचा आणि खोडायचं. दुसरीत व तिसरीत उभी मांडणी, प्रत्येक अंकावर बदललेला अंक लिहायला रिकामी चौकट. दुसरीत शतकाची चौकट जाड, तिसरीत दशकाची. पत्रिकांना १, २, ३ म्हणू नका. मुलं लगेच हुशार-ढ अशी उतरंड लावतात. कोपऱ्यात गोल, त्रिकोण, चौकोन पुरतो.

पत्रिकेवर क्यूआर छापायचा तर बाजू किमान दोन सेंटिमीटर आणि भोवती कोरी जागा हवी. झेरॉक्सची झेरॉक्स काढली की तो मरतो, मूळ प्रत जपून ठेवा. बालभारतीच्या पुस्तकातल्या दीक्षाच्या (सरकारी ऑनलाइन शिक्षण मंचाच्या) क्यूआरखाली सहा अक्षरांचा कोड असतो. स्कॅन झालं नाही तर तो टाइप करता येतो, म्हणून पत्रिकेवर कोडही लिहावा. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले, पुस्तकांत क्यूआर वापरणारे शिक्षक रणजितसिंह डिसले यांना २०२० मध्ये ग्लोबल टीचर प्राइझ मिळाल्यावर क्यूआरचं कौतुक घराघरांत पोचलं. फोन मात्र अजूनही बाबांबरोबर संध्याकाळी घरी येतो. म्हणून क्यूआरमागे फक्त जास्तीचं समजावणं ठेवा, करायचं काम कागदावरच. आणि शेजारी एक ओळ हवीच : ‘दहाचे नऊ कुठे झाले ते पाहा.’ तिच्याविना मूल व्हिडिओ नुसता बघतं.

नोंदीसाठी हजेरीसारखा छापील तक्ता उत्तम. त्यात गुण न लिहिता चुकलेल्या पर्यायाचं अक्षर लिहायचं. प्रश्नसंच घेताना नेट लागतं. रेंज गेली तर प्रश्न फळ्यावर लिहून उत्तरं पाटीवर घ्यावीत, तक्ता तोच चालतो.

मराठी वाचनासाठी ही कार्डं निरुपयोगी. मूल जोडाक्षरावर अडतंय की ओळ चुकवतंय, हे समोर बसवून वाचून घेतल्याशिवाय कळत नाही. गणित, परिसर अभ्यास आणि शब्दसंपत्ती एवढ्यापुरतीच घ्या.

कार्ड हरवलं तर त्याच क्रमांकाचं पुन्हा छापा, नवीन नोंदणी लागत नाही. मधेच दाखल झालेल्या मुलाला पुढचा रिकामा क्रमांक द्या. सोडून गेलेल्याचा क्रमांक दिलात तर कार्डाच्या कोपऱ्यावरचं जुनं नाव आधी खोडा.