रात्रीच्या फेऱ्या थांबवायला काय घ्यावं: इसबगोलची भुसी, लोपेरामाइड आणि बाकीच्या वस्तूंचं परीक्षण

आतड्याच्या ऑपरेशननंतर जखम भरते, भूक परत येते, पण रात्रीची झोप परत यायला वेळ लागतो. शौचासाठी दोनदा-तीनदा उठावं लागलं की दुसऱ्या दिवसाचीही वाट लागते. त्यावर म्हणून पावडरी, गोळ्या, मलमं, पाण्याने आतडं धुण्याचे किट असं बरंच काही मिळतं. निकाल आधीच सांगतो. साधी, बिनचवीची इसबगोलची भुसी ही पहिली खरेदी. लोपेरामाइड, म्हणजे जुलाब थांबवणारी गोळी, ही दुसरी, तीही डॉक्टरांना विचारून. आणि या दोन्हींचा गुण बहुतेकदा संध्याकाळी पाच ते आठच्या दरम्यान ठरतो. झोपायच्या वेळी डबा उघडला तर सहसा उशीर झालेला असतो.

फेऱ्या का होतात हे कळलं तर खरेदी चुकत नाही. गुदाशय ही साठवणीची जागा. तो काढून वरचं मोठं आतडं खाली जोडलं, की तिथे तेवढी ताणण्याची क्षमता राहत नाही. मळ थोडा थोडा येतो आणि दहा मिनिटांनी पुन्हा जावं लागतं. रेडिएशन झालं असेल तर तो भाग आणखी ताठर होतो. जे-पाऊचमध्ये, म्हणजे मोठं आतडं आणि गुदाशय काढून लहान आतड्याच्या टोकाची पिशवी करून खाली जोडलेली असते तेव्हा, गोष्ट वेगळी असते. तिथे मोठं आतडंच नसतं, त्यामुळे पाणी शोषण्याचं बरंचसं काम अर्धवट राहतं आणि मळ कायम सरबरीत असतो. शिवाय झोपेत गुदद्वाराच्या आतल्या स्नायूचा दाब कमी होतो. घट्ट मळ अशा वेळी थांबून राहतो, पातळ मळ थांबत नाही. म्हणून मळ दाट करणं, आतड्याची चाल मंद करणं आणि झोपण्याआधी शक्य तितकं रिकामं होणं या तीन दिशांनीच काम करावं लागतं.

अपेक्षाही नीट ठेवायला हवी. स्थिरावलेल्या जे-पाऊचमध्ये चोवीस तासांत 4 ते 7 वेळा जाणं आणि रात्री एखादी फेरी हे सामान्य धरलं जातं. गुदाशय काढलेल्यांमध्ये सुधारणा पहिल्या वर्ष-दीड वर्षात सर्वाधिक होते. कोणतंही उत्पादन ‘एका आठवड्यात पूर्ण आराम’ असं वचन देत असेल तर ते बाजूला ठेवा.

आता भुसी. तिच्यातला चिकट भाग स्वतःच्या वजनाच्या कित्येक पट पाणी धरून ठेवतो. त्याचं जेल बनतं आणि आतड्यातल्या जंतूंकडून ते फारसं आंबत नाही, म्हणून ते शेवटपर्यंत टिकतं. याच गुणामुळे तीच भुसी बद्धकोष्ठतेतही चालते आणि पातळ मळातही. फरक पडतो तो पाण्याने. भरपूर पाण्यासोबत घेतली की मळ मऊ होतो. माफक पाण्यात घेतली की ती आतड्यातलं सुटं पाणी ओढून घेते आणि मळ बांधला जातो. डब्यावरची सूचना सहसा बद्धकोष्ठतेच्या ग्राहकासाठी लिहिलेली असते. वर आणखी दोन पेले पाणी पिण्याचा सल्ला तंतोतंत पाळला तर इथे उलटा परिणाम दिसू शकतो. ‘इसबगोल घेऊन जास्तच पातळ झालं’ या तक्रारीमागे बहुतेकदा हेच असतं.

सुरुवात दिवसाला 3 ग्रॅमने करावी. चमच्यावर विसंबू नका. अख्खी भुसी हलकी असते आणि तिची बारीक पावडर त्याच चमच्यात बरीच जास्त बसते, त्यामुळे ब्रँड बदलला की मात्रा नकळत बदलते. स्वयंपाकघरातला छोटा डिजिटल काटा इथे उपयोगी पडतो. 3 ग्रॅम भुसी साधारण 120 ते 150 मिली पाण्यात ढवळून लगेच प्यावी. दोन मिनिटं ठेवली तरी ती घट्ट होते आणि घशाखाली उतरत नाही. पाण्यातून नको असेल तर दह्यात किंवा शिजवलेल्या सफरचंदाच्या गरात पूर्ण भिजेपर्यंत कालवावी. त्यानंतर तासभर मोठा पेला भरून काही पिऊ नये. मात्रा वाढवायची तर चार-पाच दिवसांनी, एकेका पायरीने. पहिल्या आठवड्यात वायू आणि पोट फुगणं वाढतं आणि तेवढ्यावर बरेच जण ती सोडून देतात. मात्रा निम्मी करून पुढे चालू ठेवली तर तो त्रास सहसा ओसरतो.

कोरडी भुसी तोंडात टाकून वर पाणी पिणं धोक्याचं आहे. ती घशात किंवा अन्ननलिकेत फुगून अडकू शकते. झोपण्याच्या तोंडावरही घेऊ नये, कारण आडवं झाल्यावर आणि झोपेत आतड्याची हालचाल मंदावते आणि फुगलेला गोळा अडून राहू शकतो. नुसती भुसी घ्यायची तर संध्याकाळच्या जेवणासोबतची वेळ चांगली. गिळायला त्रास असेल, जोडाची जागा अरुंद झाली असेल किंवा पूर्वी आतडं अडलं असेल तर सर्जनच्या परवानगीशिवाय भुसी नकोच. ऑपरेशननंतरच्या पहिल्या काही आठवड्यांतही हीच अट.

विकत घेताना डब्याची मागची बाजू वाचा, पुढची नाही. घटकांत एकच नाव हवं. फळांच्या चवीच्या पावडरींत साखर किंवा गोडी आणणारी रसायनं असतात. त्यांत सॉर्बिटॉल, मॅनिटॉल, झायलिटॉल असेल तर तेच मळ पातळ करतं, म्हणजे एका हाताने दिलं आणि दुसऱ्या हाताने घेतलं. फसफसणाऱ्या पुड्यांमधून पोटात आणखी वायू जातो. काही मिश्रणांत सोनामुखी घातलेली असते. ती जुलाबाची वनस्पती आहे, इथे अजिबात नको. गव्हाचा कोंडा हा भुसीचा पर्याय नाही. तो पाण्यात विरघळत नाही आणि आतड्याची चाल वाढवतो. भुसीने वायू सहनच होत नसेल तर मिथाइलसेल्युलोज (प्रक्रिया करून बनवलेला, पाण्यात विरघळणारा तंतू) हा रास्त पर्याय आहे, ते आतड्यात आंबत नाही.

लोपेरामाइडचं काम वेगळ्या ठिकाणी चालतं. आतड्याच्या भिंतीतल्या मज्जातंतूंवर बसून ते हालचाल मंद करतं, पाणी शोषायला वेळ मिळवून देतं आणि गुदद्वाराच्या स्नायूचा ताणही थोडा वाढवतं. रात्रीच्या गळतीत हा शेवटचा गुण मोलाचा आहे. गोळी किंवा कॅप्सूल 2 मिलिग्रॅमची असते. जेवणानंतर धावपळ होते तेव्हा गोळी घेण्याची सवय बऱ्याच जणांना असते, आणि तिथेच तिचा उपयोग वाया जातो. ती जेवणाच्या 30 ते 60 मिनिटं आधी पोटात हवी, कारण जेवण पोटात पडताच आतड्याला चालना मिळते आणि ती चालना आवरायची असते.

कॅप्सूलची रक्तातली पातळी सर्वांत वर जायला सुमारे 5 तास लागतात, द्रव औषधाची अडीच तासांत जाते. हा फरक कामाचा आहे. फेऱ्या रात्रीच्या पहिल्या भागात होत असतील तर गोळी संध्याकाळच्या जेवणाआधी घेतलेली बरी. पहाटे तीन-चारनंतर होत असतील तर झोपताना घेतलेली गोळी नेमकी तेव्हा जोरात असते. डॉक्टरांशी बोलताना ‘रात्री किती वेळा’ इतकंच नको, ‘किती वाजता’ हेही सांगा. मात्रा बसवायला त्याचा उपयोग होतो.

डॉक्टरांच्या देखरेखीखाली दिवसाची कमाल मात्रा 16 मिलिग्रॅम, म्हणजे 8 गोळ्या. स्वतःच्या मनाने घेताना बऱ्याच ठिकाणी 8 मिलिग्रॅमची मर्यादा लिहिलेली असते. ती ओलांडू नका. अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने 2016 मध्ये जास्त मात्रेत हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडण्याबद्दल इशारा दिला होता. इट्राकोनाझोल, केटोकोनाझोल, क्विनिडीन, जेमफिब्रोझिल यांसारखी औषधं चालू असतील तर लोपेरामाइडची पातळी वाढते. ताप असेल, मळात रक्त असेल किंवा जंतुसंसर्गाची शंका असेल तर गोळी घेऊ नये.

त्याहून नेहमी घडणारी चूक म्हणजे चुकीच्या तक्रारीवर गोळी. मळ पातळ नसून तुकड्यातुकड्यांनी येतो, पोट साफ झाल्यासारखं वाटत नाही, अशी तक्रार असेल तर गोळीने तो आणखी अडतो आणि मग एकाच रात्री फेऱ्यांची रांग लागते. तिथे गोळी वाढवायची नसते, रिकामं होण्याचा मार्ग शोधायचा असतो.

भुसी आणि लोपेरामाइड एकत्र घ्यायची तर डॉक्टरांना माहीत असूनच. एक फुगते, दुसरी चाल थांबवते. दोन्ही मिळून आतडं अडू शकतं. परवानगी असेल तर वेळ अशी बसते: पाचला भुसी, सातला गोळी, साडेसातला जेवण, अकराला झोप. भुसी इतर औषधांनाही अडकवून ठेवते, म्हणून मध्ये दोन तासांचं अंतर. जेवण आणि झोप यांत तीन ते चार तास हवेतच. दिवसातलं मोठं जेवण दुपारी घ्यावं आणि रात्रीचं छोटं. भात, उकडलेला बटाटा, पिकलेलं केळं हे मळ बांधतात. मद्य, कॉफी, तिखट आणि तळलेलं संध्याकाळी नको. झोपण्याआधीच्या दोन तासांत घोट-घोटच पाणी, पण ते दिवसा भरून काढा. जे-पाऊच असणाऱ्यांचं पाणी आणि मीठ दोन्ही जास्त जातात. पाणी कमी केलं की रात्री बरं वाटतं म्हणून दिवसाही कमी पिणारे लोक पेटके आणि चक्कर घेऊन दवाखान्यात पोहोचतात. ओआरएस हवंच असेल तर ते दिवसाउजेडी प्या.

लहान आतड्याचा शेवटचा भाग काढलेला असेल आणि मळ पाण्यासारखा, पिवळसर-हिरवा, जळजळणारा असेल, तर भुसी-गोळीच्या आधी पित्ताम्लांचा (पित्तातली आम्लं, जी तिथे न शोषली गेल्याने पुढे जाऊन जुलाब करतात) विचार करायला डॉक्टरांना सांगा. तिथे कोलेस्टिरामाइन या पित्ताम्लं बांधून ठेवणाऱ्या औषधाची 4 ग्रॅमची पुडी सुंदर काम करते. चव आणि रवाळपणा वाईट. इतर औषधं तिच्या एक तास आधी किंवा चार ते सहा तासांनंतर. आतड्याचा मोठा भाग, साधारण 100 सेंटीमीटरहून अधिक, गेला असेल तर तिने चरबीचं अपचन वाढू शकतं.

तुकड्यातुकड्यांच्या तक्रारीवर खरी उपयोगाची वस्तू म्हणजे पाण्याने आतडं धुण्याचा किट. कोमट पाणी, 36 ते 38 अंश, टोकाला शंकू किंवा फुगा असलेल्या नळीने गुदद्वारातून आत सोडायचं आणि बाहेर येऊ द्यायचं. गुदाशय काढलेल्यांना बहुधा कमी पाणी पुरतं. किती ते नर्स ठरवते. सगळं मिळून अर्धा-पाऊण तास जातो आणि राहिलेलं पाणी नंतरही ठिबकतं, म्हणून झोपण्याआधी दोन-तीन तास मोकळे ठेवून करावं. थंड पाण्याने किंवा घाईने सोडलेल्या पाण्याने कळा येतात. पहिली वेळ स्टोमा नर्ससमोरच (आतड्याच्या ऑपरेशननंतरची काळजी शिकवणारी नर्स). ऑपरेशननंतर तीन महिने होईपर्यंत, जोड अरुंद असताना किंवा आतड्याला सूज असताना हा किट वापरू नये. आतड्याला भोक पडण्याचा धोका फार कमी असला तरी खरा आहे. शिकून घेण्याची तयारी असेल तर या यादीतली सर्वाधिक फरक पाडणारी वस्तू हीच.

मलमात झिंक ऑक्साइडचं, बिनसुगंधाचं घ्या. पाण्याने धुवून, टिपून कोरडं करून पातळ थर. जाड थर पॅडला चिकटतो आणि पॅड शोषायचं थांबवतं. अल्कोहोल किंवा सुगंध असलेले ओले रुमाल त्वचा सोलून काढतात.

एका वेळी एकच गोष्ट बदला आणि तिला चार-पाच रात्री द्या, नाहीतर कशाने गुण आला ते कळतच नाही. मात्र स्थिरावलेल्या फेऱ्या अचानक वाढल्या, सोबत ताप, पोटात कळा किंवा रक्त असेल, तर पाऊचला सूज आलेली असू शकते. मळाची धार बारीक होत गेली असेल तर जोड अरुंद होत असेल. पोट फुगून उलट्या होत असतील आणि वायूही सरत नसेल तर भुसी आणि गोळी दोन्ही थांबवा आणि त्याच रात्री रुग्णालय गाठा.